फोटोचं नाव गूगलला कोण सांगणार?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आज इथे सांगलीचे हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी आहेत, मिरजेचे वाद्यवाले आहेत, साताऱ्याहून कासच्या बाजूला राहण्याजेवणाची सोय करणारे काही जण आलेत, शिक्षकही दिसताहेत. सुरू व्हायच्या आधी बोलणं झालं, त्यात बहुतेकांची तक्रार एकच निघाली. वेबसाइट केली, पैसे देऊन चांगले फोटो काढून घेतले, पण गूगलवर शोधलं तर आमचं काही येतच नाही. याची कारणं बरीच असतात आणि ती सगळी तासाभरात सांगून होणार नाहीत. मी एकच घेणार आहे. लहान आहे, फुकट आहे, आणि तुमच्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला नीट जमणार नाही. फोटोचा आल्ट मजकूर.

आल्ट म्हणजे काय ते आधी सांगते. तुम्ही वेबसाइटवर फोटो चढवता तेव्हा बाजूला काही रिकाम्या चौकटी येतात. त्यातल्या एकीवर पर्यायी मजकूर किंवा आल्ट टेक्स्ट असं लिहिलेलं असतं. आपण ती रिकामी सोडून पुढे जातो, कारण तिथे काही लिहिलं तरी पानावर ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते बिनकामाचं, असं आपल्याला वाटतं. पण ते तीन वेळा वापरलं जातं. फोटो उघडलाच नाही, नेट रखडलं, तर त्याच्या जागी हे शब्द येतात. न दिसणारा माणूस फोनवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडर वापरतो, तो त्याला हे शब्द वाचून दाखवतो. आणि गूगल फोटोत काय आहे हे ठरवताना हे शब्द बघतं.

हा क्रम मी मुद्दाम असा लावला. आल्टची सोय १९९० च्या दशकात एचटीएमएलमध्ये आली तेव्हा गूगल नावाची कंपनीच नव्हती. गूगलचा चित्रशोध सुरू झाला जुलै २००१ मध्ये, आणि त्याची गोष्टही मजेशीर आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी सोहळ्याला जेनिफर लोपेझ एक हिरवा पोशाख घालून आली. लोकांनी तो इतका शोधला, पण गूगल त्यांच्यापुढे ठेवत होतं नुसत्या निळ्या ओळी. लोकांना पोशाख बघायचा होता, ओळी वाचायच्या नव्हत्या. त्यातून चित्रशोधाची गरज लक्षात आली, असं पुढे गूगलच्याच एरिक श्मिट यांनी सांगितलं. त्या काळात चित्राच्या आत काय आहे हे यंत्राला कळत नव्हतं. आजूबाजूचे शब्द, फाइलचं नाव आणि आल्ट, एवढ्यावरच सगळा कारभार.

आता तुम्ही म्हणाल, तो काळ गेला, आता यंत्राला फोटोतलं सगळं दिसतं. बरोबर आहे. गूगल स्वतः सांगतं की ते आल्ट, पानावरचा मजकूर आणि चित्र ओळखणारी यंत्रणा, तिन्ही मिळून विषय ठरवतं. मग आल्ट कशाला?

हरिपूरचं उदाहरण घेऊ. सांगलीकरांना सांगायला नको, साताऱ्याच्या मंडळींसाठी सांगते. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत पेवं आहेत. तोंड अरुंद, आत पोट मोठं, आणि त्यात हळद साठवायची. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ खराब झाली. आता त्या पेवाच्या तोंडाचा फोटो काढा आणि यंत्रापुढे ठेवा. ते काय म्हणेल? जमिनीतला खड्डा. शेजारी माणूस असला तर, खड्ड्याशेजारी उभा असलेला माणूस. खोटं काहीच नाही त्यात! पण हळदीचं पेव शोधणाऱ्या माणसापर्यंत हा फोटो कधी पोचायचा नाही. यंत्राला दिसतं ते खरं, पण त्या वस्तूचं नाव त्याला ठाऊक नाही. नाव हरिपूरच्या माणसाला ठाऊक आहे, आणि ते त्याने लिहिलंच नाही.

हळदीच्या पावडरचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला त्याआधीच मिळालेलं आहे. दोन्ही वाटीत काढा, वर लाकडी चमचा ठेवा, फोटो काढा. तुम्हाला तरी फरक सांगता येईल का फोटोवरून? मला नाही येणार. साताऱ्याचा कंदी पेढा आणि धारवाडचा पेढा, दोन्ही तपकिरी. इथे फरक शब्दांतच राहतो. ज्या नावासाठी एवढे अर्ज केले, कागद रंगवले, मानांकन आणलं, ते नाव आपल्याच वेबसाइटवरच्या फोटोला नसावं?

मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये दोन वेगळी मानांकनं मिळाली. तानपुऱ्याला पडदे नसतात, सतारीला असतात. इथे बसलेल्या वाद्यवाल्यांना हे सांगणं म्हणजे माझाच आगाऊपणा. पण दुकानांच्या वेबसाइटवर मी बघते तेव्हा दोन्हींच्या खाली एकच, ‘वाद्य १’, ‘वाद्य २’. बंगालमधल्या एखाद्या गाणाऱ्या मुलीच्या आईने मिरजेचा चार तारांचा लहान तानपुरा शोधला, तर तिच्यापुढे तुमचा ‘वाद्य २’ येणार कसा?

कासचं प्रकरण आणखी नाजूक आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दी वाढली. फोटो तर लाखांनी निघत असतील. पण बहुतेकांचा आल्ट, असलाच तर, ‘कास पठार फुले’. आता सीतेची आसवं हे नाव एखाद्या मुलीने पुस्तकात वाचलं, तिला ते निळसर जांभळं इवलं फूल बघायचंय, ते किडे पचवणारं झाड आहे हे तिला कळलंय. तिच्या शोधाला उत्तर द्यायचं तर कुणीतरी ‘सीतेची आसवं’ हे शब्द लिहिलेले हवेत. वायतुरा आहे, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारेन्सिस म्हणजे सातारा आहे, ते फूल. सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी आहे. ही नावं स्थानिक गाइडच्या तोंडात असतात. वेबसाइटवर चढताना ती गळतात आणि उरतात ‘जांभळी फुले’. एक मात्र बजावून सांगते. फुलाचं नाव पक्कं माहीत नसेल तर अंदाजाने ठोकू नका. रंग लिहा, आकार लिहा, जागा लिहा. चुकीचं नाव एकदा फोटोला चिकटलं की दहा जण तो फोटो त्याच नावाने उचलतात.

आता लिहायचं कसं? पेवाच्याच फोटोवर करून बघू. समजा, फोटोत पेवाचं तोंड उघडं आहे आणि दोन माणसं दोरीने पोतं वर ओढताहेत.

पहिला प्रयत्न: ‘हळद’. हा आल्ट बाजारातल्या कुठल्याही फोटोला चालेल, म्हणून इथे चालत नाही. दुसरा: ‘हरिपूर येथील हळदीचे पेव’. बरा आहे, जागा आली, वस्तूचं नाव आलं. तिसरा: ‘हरिपूरमधल्या हळदीच्या पेवाचं उघडं तोंड, काठावरून दोन कामगार दोरीने पोतं वर ओढताहेत’. हा मी ठेवीन. जो बघू शकत नाही त्याच्यापुढे चित्र उभं राहिलं, आणि हरिपूर, हळद, पेव हे शोधाचे शब्द कोंबावे न लागता आपोआप आले.

सुरुवातीला ‘चा फोटो’, ‘चे छायाचित्र’ असं लिहायची गरज नसते. स्क्रीन रीडर आधीच सांगतो की हे चित्र आहे. मग ऐकणाऱ्याला दर वेळी चित्र, फोटो, चित्र, फोटो असं ऐकावं लागतं.

हाच फोटो पान बदललं की वेगळा आल्ट मागतो. शाळेच्या इतिहासाच्या पानावर तो पेवाबद्दल आहे, म्हणून पेव आधी. तुमच्या हळदीच्या दुकानाच्या पानावर वाचक माल कसा साठवतात ते बघतोय, म्हणून तिथे ‘पेवात साठवलेली हळकुंडं बाहेर काढताना’ असं येईल. फोटो तिथे का ठेवला, हे स्वतःला विचारलं की अर्धं काम होतं. आणि फोटोखाली सगळ्यांना दिसणारी ओळ असेल, तर आल्टमध्ये तीच ओळ पुन्हा छापू नका. ऐकणाऱ्याला ती दोनदा ऐकू येते. ओळीत जे नाही ते आल्टमध्ये द्या.

आता जरा कडू बोलते. तुमच्यापैकी काहींनी वेबसाइट वर आणून देतो म्हणणाऱ्यांना पैसे दिलेत. त्यांनी लिहिलेले आल्ट मी पाहिलेत. साधारण असे असतात: ‘हळद, सांगली हळद, बेस्ट हळद, ऑरगॅनिक हळद, हळद पावडर, हळद भाव, हळद ऑनलाइन’. हे मोठ्याने वाचून बघा. (हशा) हसलात ना? आता कल्पना करा, एका पानावर असे वीस फोटो आहेत आणि कुणीतरी हे कानाने ऐकतंय. पान बंद करून जाईल तो माणूस. गूगलनेही स्पष्ट लिहून ठेवलंय की आल्टमध्ये शब्द कोंबू नका, त्याने पान कचरा समजलं जाऊ शकतं. म्हणजे पैसे देऊन आपण दोन्हीकडून मार खातो.

आणि खोटं लिहू नका. सांगलीच्या बाजारात बाहेरच्या राज्यांतूनही हळद येते हे तुम्ही जाणता. मानांकनाचं नाव कुणी वापरायचं याला कायदा आहे. ज्या पोत्यातला माल सांगलीचा नाही, त्याच्या फोटोवर सांगलीची हळद असं नाव घातलं तर ते जाहिरातीत खोटं बोलण्याइतकंच आहे, मग ते पानावर दिसत असो वा नसो.

काही फोटोंना आल्ट रिकामाच ठेवायचा असतो. नक्षीच्या पट्ट्या, कोपऱ्यातलं फूल, दोन परिच्छेदांमधली वेलबुट्टी. तिथे आल्ट हवा, पण अवतरणचिन्हांच्या मध्ये काही नको. म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. आल्ट मुळातच नसेल तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचायला लागतात: आयएमजी, डॅश, दोन, शून्य, दोन, चार... व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तसाच चढवला की हे हमखास. म्हणून फाइललाही चढवण्याआधी साधं नाव द्या. रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा टाकून दिलेलं सोयीचं जातं.

उलट, ज्या फोटोवर टिचकी मारली की दुसरं पान उघडतं त्याचा आल्ट कधी रिकामा सोडू नका. तिथे आल्ट हाच त्या दुव्याचा मजकूर असतो, माणसालाही आणि गूगललाही. तानपुऱ्याच्या फोटोवरून किमतीच्या पानावर जायचं असेल तर ‘तानपुऱ्यांचे प्रकार आणि किमती’ असं लिहा. आणि होम पेजवर वर जो भला मोठा फोटो लावतात, अजिंक्यताऱ्याचा वगैरे, तो बऱ्याचदा पानाची पार्श्वभूमी म्हणून लावलेला असतो. त्याला आल्टची चौकटच नसते आणि गूगल तो चित्रशोधात घेत नाही. महत्त्वाचा फोटो असेल तर वेबसाइट करणाऱ्याला सांगा, पार्श्वभूमीतून काढून पानात बसव.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचं होतं तिकडे येते.

आपल्या मराठी वेबसाइटवर फोटोंपेक्षा मोठी अडचण आहे ती फोटोत कोंडलेल्या मजकुराची. कार्यक्रमाचं पत्रक, दरपत्रक, परीक्षेचं वेळापत्रक, दुकानाची किंमतयादी, सगळं जेपीजी. याला कारण आहे. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर भलत्याच चिन्हांत उमटायचं. तो फॉन्ट तिकडे नसला की संपलं. मग लोकांनी शहाणपणा केला: त्याचं चित्र करून पाठवलं, म्हणजे दिसतं तसंच दिसेल. तेव्हा ते बरोबर होतं. पण आता प्रत्येक फोनवर देवनागरी नीट दिसते, तरी सवय राहिली. त्यामुळे आपली निम्मी माहिती चित्रांत आहे. गूगलची यंत्रणा चित्रातली अक्षरं काही प्रमाणात वाचते, पण रंगीत बॅनरवरचा वळणदार मराठी फॉन्ट, मागे फुलं, वर नेत्याचा फोटो, त्यावर विसंबून राहू नये.

तासगावच्या बेदाणा सौद्यांच्या दराचा कागद फोटो काढून टाकला, आणि आल्टमध्ये लिहिलं ‘दर’. शेतकऱ्याने फोनवर बोलून शोधलं तर त्याला काय मिळणार? आणि आल्टमध्ये चाळीस आकडे लिहिणं हाही उपाय नाही. आकडे पानावरच साध्या तक्त्यात टाइप करा. आल्ट एवढाच ठेवा: ‘आजच्या बेदाणा सौद्यांचा दरफलक, सगळे दर खालच्या तक्त्यात’.

दराचं एकवेळ सोडा, उद्या कळलं तरी चालेल. पुराचं काय? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इथे इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात सांगलीत प्रत्येक घरात विचारतात, पाणी किती? आणि उत्तर येतं ते एका चित्रात: पुलाचा फोटो, त्यावर लाल अक्षरांत आकडा. ज्याला दिसतं त्याला कळतं. नदीकाठच्या गल्लीत एखादे आजोबा एकटे आहेत, दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. त्यांना ऐकू येतं: ‘चित्र’. बस. आकडा ४१ आहे की ४६, यावर सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं हे ठरतं. तुम्ही मंडळाचं, सोसायटीचं, गावाचं पान चालवत असाल तर एवढं करा: आधी टाइप केलेली ओळ, मग चित्र. ‘आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, ४१ फूट, पाणी वाढतंय.’ तारीख घालायला विसरू नका, कारण गूगल जुनं पानही पुढे आणून ठेवतं.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सरकारी वेबसाइटना तर यासाठी मार्गदर्शक नियम आहेतच. खासगी दुकानदाराला उद्या कोणी नोटीस पाठवेल असं सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही, पण हे वारं कुठल्या दिशेला आहे ते लक्षात असू द्या.

भाषेचं एक सांगून थांबते. पान मराठी असेल तर आल्ट मराठीत, देवनागरीत. एकाच आल्टमध्ये देवनागरी, मग रोमन, मग इंग्रजी भाषांतर अशी खिचडी नको. इंग्रजीत शोधणारं गिऱ्हाईक हवं असेल तर इंग्रजी पान वेगळं करा, त्यावर इंग्रजी आल्ट द्या. आणि वेबसाइट करणाऱ्याला विचारा की पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का. पुष्कळदा तयार साचा घेतात आणि आत भाषा इंग्रजीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो आणि सगळा गोंधळ.

श्रोत्यांचे प्रश्न

हल्ली एआय आपोआप आल्ट लिहून देतं. तेच वापरलं तर?

कच्चा मसुदा म्हणून वापरा. ते म्हणेल, ‘एक वृद्ध माणूस तंतुवाद्य दुरुस्त करताना’. तुम्ही ते ‘मिरजेतले कारागीर तानपुऱ्याची जवारी लावताना’ असं करा. तेवढं काम तुमच्याकडेच राहणार, कारण ती जवारी आहे हे तुम्हाला माहीत आहे.

किती अक्षरं असावीत? कुणी १२५ सांगतात.

पक्का नियम नाही. एका दमात वाचून होईल असं एक वाक्य, फार तर दोन. त्याहून जास्त सांगायचं असेल तर ते पानावर लिहा, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

आल्ट लिहिला की पहिल्या पानावर येणार का?

नाही. एवढ्याने कुणी येत नाही. चित्रशोधात त्याचा उपयोग जास्त. बाकी पानावरचा मजकूर, पान उघडायला लागणारा वेळ, इतर लोक तुमचा दुवा देतात का, हे सगळं आहेच. गूगल मॅपवरच्या तुमच्या दुकानाच्या फोटोंना तर आल्ट देण्याची सोयही नाही. कुणी महिन्याभरात पहिला नंबर सांगत असेल तर खिशाला हात लावू नका.

आमच्याकडे जुने चारशे फोटो आहेत. कुठून सुरुवात करू?

ज्यांच्यावरून दुसरं पान उघडतं ते आधी. मग विकायच्या मालाचे. मग ज्या चित्रांत मजकूर आहे ती. त्यांचा मजकूर टाइप करायला बसावं लागेल, घरातल्या कॉलेजच्या पोराला लावा. सजावटीचे रिकामे ठेवा. रोज दहा केले तर दीड महिन्यात होतं.

बरोबर झालंय हे तपासायचं कसं?

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये टॉकबॅक आहे, ते सुरू करा. डोळे मिटा आणि तुमची वेबसाइट उघडून एकेक बोट सरकवत ऐका. संगणकावर एनव्हीडीए म्हणून स्क्रीन रीडर फुकट मिळतो. फक्त फोनवर टॉकबॅक बंद कसं करायचं ते सुरू करायच्या आधी बघून ठेवा. सुरू झालं की एका टिचकीने नुसतं ऐकू येतं, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते, आणि माणूस घाबरतो. शॉर्टकट चालू करून ठेवला तर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकदम दाबून धरली की ते बंद होतं.